कुंदा, तुला सोशीक म्हणाले!

कुंदा, काल संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तुझी शोकसभा झाली आणि मी तिथून हाकलून देण्याच्या लायकीचं वागले. हसले गं मी. तोंडात पदर कोंबून, पोट धरून हसले.

माझा इलाजच नव्हता. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कुंदाताई शांत होत्या, सोशीक होत्या, अबोल होत्या." अबोल! अगं, ज्या मैदानावर उभ्या राहून त्या हे बोलत होत्या ना, तिथून तुझा आवाज स्टेशनापर्यंत ऐकू जायचा. पाटणकर वहिनींनी मला चिमटा काढला. वळून बघते तर त्याही लाल झालेल्या. आपल्या खो-खोच्या सगळ्या बायका मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या. आधी सुलू फुटली, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता सगळी रांग गदगदा हलायला लागली. पुढच्या लोकांना वाटलं, बायकांना हुंदके अनावर झालेत. अध्यक्षीणबाईंनी तर भाषण थांबवून आम्हाला पाणी पाठवलं!

आणि पाणी प्यायल्यावर खरंच रडू आलं. तेही सांगते, लपवत नाही.

"तुम्ही जवळच्या मैत्रीण, चार शब्द बोला," असं मला म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. त्या लोकांशी मी काय बोलणार? आपली ओळख कशी झाली ते सांगणार होते? 'ही ज्याची बायको, त्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं' असं सांगितलं असतं, तर सतरंजीसकट सगळे उठून गेले असते. म्हणून जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलते. घाईघाईत बोलते, कारण आज सकाळी असं काही घडलंय की कधी एकदा तुला सांगते असं झालंय. पण तुलाच सगळं पहिल्यापासून ऐकायची खोड. 'मधूनच सुरू करू नकोस गं नले, मला चव लागत नाही,' म्हणायचीस. बरं बाई, पहिल्यापासून.

पहिलं म्हणजे तुझ्या घरची सत्यनारायणाची पूजा. तुला आठवत असेल ती वेगळी, मला आठवते ती वेगळी. दिनकर बहिणीच्या लग्नासाठी म्हणून मालवणला गेला. जाताना मला म्हणाला होता, "आईशी तुझ्याबद्दल बोलून येतो. आलो की तुझ्या वडिलांना भेटतो." तीन वर्षं आम्ही असल्याच बोलण्यावर जगत होतो. वाचनालयात पुस्तकं लावायला तो यायचा, मी शाळेतलं शिकवणं संपलं की यायची, आणि अख्ख्या मुलुंडला वाटायचं की आम्हाला वाचनाची भारी आवड. तो परत आला, आणि दोनच दिवसांनी आमच्या दारात पूजेचं आमंत्रण. नवी सून आणली म्हणून पूजा! माझ्या आईला काहीच ठाऊक नव्हतं. ती खणनारळ घेऊन निघाली आणि मलाही ओढत घेऊन गेली.

तू हिरव्या शालूत प्रसाद वाटत होतीस. माझ्यासमोर आलीस, द्रोण पुढं केलास आणि माझा उतरलेला चेहरा बघून म्हणालीस, "तापबीप आहे का हो? थांबा, जरा जास्त घ्या, तुपातला आहे." आणि मला दुप्पट प्रसाद वाढलास. कुंदा, मी तो शिरा घशाखाली कसा उतरवला ते माझं मला ठाऊक. तुझा इतका राग आला होता! तू वाईट असतीस तर बरं झालं असतं. तू प्रेमळ निघालीस, हा मला दिनकरपेक्षा मोठा दगा वाटला.

पुढचं वर्षभर मी काय केलं, ते सांगितलं की तू दर वेळी कपाळावर हात मारायचीस. मी त्याला सोडलंच नाही ना! तोंडावर थुंकून मोकळं व्हायचं सोडून मी तो ऑफिसला निघायच्या वेळी आमच्या फाटकाशी तुळशीला पाणी घालायला उभी राहायची. आई म्हणायची, "अगं, तुळस कुजेल." आलेली स्थळं नाकारली. एकाचं नाक मोठं, दुसऱ्याचा आवाज लहान. रविवारी सकाळी वाचनालयात जायची. तोही यायचा. कपाटाआड उभा राहून हळूच म्हणायचा, "आईनं विषाची बाटली दाखवली गं. मी काय करणार? शरीरानं मी तिकडं आहे, पण मनानं तुझाच आहे." तेवढ्या एका वाक्यावर मी आठवडा काढायची. उपाशी माणसाला शिळी भाकरीही पक्वान्न लागते, तसं.

आणि मग तो रविवार!

घरी पाहुणे आले म्हणून तू त्याला बोलवायला वाचनालयात आलीस. आम्ही कपाटाच्या अलीकडं, तू पलीकडं. त्याचं वाक्य बोलून झालं, "मनानं मी तुझाच आहे." आणि पलीकडून तुझा खणखणीत आवाज आला:

"मन इथं ठेवून येता होय? तरीच घरी नुसता डबा येतो!"

वाचनालयातले झाडून सगळे म्हातारे वर्तमानपत्रं खाली करून बघायला लागले. दिनकरच्या हातून पुस्तक पडलं. तू कपाटाला वळसा घालून आलीस. मी भिंतीला चिकटले; वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. तू माझ्याकडं नीट बघितलंस आणि म्हणालीस, "तू ती शिऱ्याच्या दिवशीची. ताप आलेली." मग त्याला म्हणालीस, "चला. पाहुणे खोळंबलेत. मन राहू दे इथंच, जेवायला लागत नाही ते."

मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडले. वाटलं, आता गावभर होणार, शाळेतली नोकरी जाणार. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि फाटकात तू उभी! हातात पिशवी, पायात ती कोल्हापुरी. म्हणालीस, "चल, फिरायला जाऊ." मी म्हटलं, "कुठं?" "माणसं नाहीत तिथं. मला मोठ्यानं बोलायचं असतं."

रूळ ओलांडून आपण मिठागरांकडं गेलो. बांधावर बसलो. समोर मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, आणि मी रडत होते. तू पिशवीतून शेंगदाणे काढलेस.

"तू कशाला रडतेस गं? रडायचं तर मी. लग्न माझं झालंय."

"मला माफ करा," मी म्हटलं.

"अहोजाहो करू नकोस, माका सासू झाल्यासारखं वाटतं. सगळं सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. सांगता सांगता म्हटलं की पहिल्यांदा तो माझ्याशी नीट बोलला तेव्हा म्हणाला होता, तुझ्याशी बोललं की आठवड्याचा शीण जातो...

"थांब!" तू ओरडलीस. "पुढचं मी सांगते. 'जणू डोंगरावरचं वारं आलं!'"

"तुला कसं माहीत?"

"मला पण तेच म्हणाला. फक्त मला डोंगर नव्हता, समुद्र होता. मालवणची ना मी!"

कुंदा, आधी तू हसलीस की मी, यावर आपण नंतर कितीदा भांडलो. पण मला पक्कं आठवतंय, मी हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले, नाकातून शेंगदाणा बाहेर येईपर्यंत हसले. आणि हसू संपताच पुन्हा रडायला लागले, कारण ते वाक्य माझं एकटीचं होतं गं. तेवढंच तर उरलं होतं माझ्याकडं.

"मी काय करू?" मी विचारलं. "डोक्यातून जातच नाही तो."

"पळ."

"कुठं?"

"कुठं नाही. नुसती पळ. त्या लांबच्या ढिगाला हात लावून ये."

"साडीत?"

"मग काय घोड्यावर बसून जातेस?"

मी वेडीच, उठले आणि पळाले. चपला हातात, साडी घोट्यावर. बांध निसरडा. ढिगाला हात लावला, परत फिरले, अर्ध्यात चिखलात सपशेल आडवी झाले, उठले, पुन्हा पळाले. तुझ्यापाशी आले तेव्हा फासळ्या भात्यासारख्या हलत होत्या. तू विचारलंस, "आता डोक्यात काय आहे?"

"श्वास," मी म्हटलं. "श्वास मिळत नाहीये."

"बघ! तो नाही ना? झालं तर मग."

आपला खो-खो संघ त्या चिखलात जन्मला. लोकांना वाटतं तो मंडळानं काढला!

काय ते दिवस होते गं! आमच्या मोठ्या बाईंना तू कसं पटवलंस ते मला अजून कळलेलं नाही. शाळा सुटल्यावर मैदान बायकांना. कासोटा घालून मास्तरणी, वहिनी, काकू, नुकती सून झालेली सुलू, तीन मुलांच्या पाटणकर वहिनी. पहिल्या दिवशी कुंपणापाशी पुरुषांची ही गर्दी! एकजण म्हणाला, "घरंदाज बायकांनी असं पळायचं?" तू सरळ कुंपणाशी गेलीस. "बघायला आलात ना? फुकट नाही हो बघायचं. उद्या येताना बायकोला घेऊन या, ती आत खेळेल." दुसऱ्या दिवशी कुंपण रिकामं. पण त्यातल्या दोघांच्या बायका खरंच आल्या! लपून, मागच्या दारानं.

तू स्वतः पळायची नाहीस. कडेला उभी राहून ओरडायचीस. मला वाटायचं, पुढारपण करायला आवडतं हिला. तुझं लक्ष तरी काय! एकदा दिनकर तुला न्यायला फाटकात आला. मी पळत होते, मान आपोआप तिकडं वळली आणि पाठीवर थाप बसून बाद झाले. तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "नले! नजर इकडं! तो खेळात नाही!" पाटणकर वहिनींना वाटलं तू खेळाचंच बोलतेस. मला कळलं. फाटकातल्यालाही कळलं असावं, कारण तो परत कधी न्यायला आला नाही.

पण असं वाटून घेऊ नकोस की मी पळाले आणि सुटले. तुला वाटायचं तसं. खोटं आहे ते. मैदानावर सुटायची आणि घरी आले की पुन्हा धरायची. कधी ताटावर बसले की आठवायचा, कधी फळ्यावर लिहिताना. तू म्हणायचीस, "तुला तो नकोच आहे. तुला फक्त हरलेलं सोसवत नाही." मी म्हणायची, "तुला काय ठाऊक? मी प्रेम केलं त्याच्यावर." तू म्हणायचीस, "मग मी काय केलं? वरणभात?" यावर मी विषय बदलायची. कारण तूही करत होतीस गं. ते तू बोलायची नाहीस, पण त्याचा सदरा तू कशी घडी घालायचीस ते मी बघितलंय.

आणि मग ते झाड. त्या दिवसाबद्दल तू गेल्यावर आता पहिल्यांदा बोलते आहे.

सुलूला खांबापाशी वळता येईना. तू चार वेळा सांगितलंस, पाच वेळा सांगितलंस आणि मग वैतागून पदर खोचलास. "बघ गो, असं!" आणि पळालीस. आई गं! आम्ही नुसत्या बघतच राहिलो. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, बसलेल्यांमधून अशी गेलीस की धूळसुद्धा उठली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू हसत हसत चिंचेच्या झाडाखाली जाऊन बसलीस. मी पाणी घेऊन आले तर तुझे ओठ निळे पडले होते.

"कुणाला हाक मारू नकोस," तू म्हणालीस. "होतं मला. लहानपणी सांधेताप झाला होता, तेव्हापासून हृदयाची एक झडप सैल आहे. डॉक्टरांनी पळायला बंदी केलीय. मूल होऊ द्यायलाही."

"दिनकरला माहीत आहे?"

"नाही. लग्नात सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले, सांगितलं तर करील कोण?"

मी तांब्या धरून उभी राहिले. माझ्या डोक्यात काय चाललंय ते तुला माझ्याआधी कळलं. म्हणालीस, "बोलून टाक. सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं. आणि तुझं झालं असतं. हेच ना?"

"हेच," मी म्हटलं. "फसवलंत तुम्ही लोकांनी. त्यालाही आणि मलाही. माझं घर तुझ्याकडं आहे, कुंदा."

"तर मग ने! उचलून ने!" निळ्या ओठांनी तू ओरडलीस. "पण तुका काय कळाक नाय गो. त्याला कुणी हातात दिलं तरच घेता येतं. स्वतः हात पुढं करून काही उचलता येत नाही. माझं मोडलं असतं तर त्याच्या आईनं तिसरी शोधली असती, आणि त्यानं तिच्या गळ्यात माळ घातली असती. तुझ्यासाठी तो विषाची बाटली फोडणार नव्हता."

"फोडली असती."

"नसती."

"असती!"

मी तांब्या तिथंच टाकून निघून आले. पाऊण महिना आपण बोललो नाही. मी मैदानावर येणं सोडलं. घरी बसून पुन्हा तुळशीला पाणी, पुन्हा तेच विचार. आता तर नवा चाळा मिळाला होता. मनातल्या मनात मी तुझं लग्न मोडायची आणि माझं लावायची. रोज. एकदा तर मांडवात वाढायला जिलबी कमी पडली म्हणून मनातल्या मनात भांडलेसुद्धा.

अंधेरीच्या बायकांशी सामना होता त्या दिवशी तू आमच्या दारात येऊन उभी राहिलीस. आई भाजी निवडत होती. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "एक कमी पडतेय. भांडण नंतर पुरं करू. चल."

मी काही बोलणार, तोच आई म्हणाली, "जा गं बाई. ती तुळस तरी वाचेल."

वाटेत तू एकच गोष्ट सांगितलीस. तू दिनकरला स्वतः सगळं सांगितलं होतंस, झडपेचं. "काय म्हणाला?" मी विचारलं. "आठ दिवस बोलला नाही. मग म्हणाला, आईला कळवू नकोस." आणि तू हसलीस. पण ते तुझं नेहमीचं हसू नव्हतं.

तो सामना, कुंदा! अंधेरीच्या बायका उंच, दणकट, दोन तर पोलिसांच्या घरच्या. शेवटच्या डावात आपण पळणाऱ्या. सुलू बाद, पाटणकर वहिनी बाद. मी एकटी उरले. शिट्टी होईपर्यंत टिकले तर मुलुंड जिंकणार. एक उंच बाई माझ्यामागं, मी बसलेल्या बायकांमधून आत-बाहेर, खो, दुसरी उठली, खो, तिसरी, कानात नुसता खो-खो-खो! आणि कडेनं तुझा आवाज, सगळं पुणेरी-मुंबईकरी सोडून थेट मालवणी, "धाव गो बाये! धाव! वळ! वळ मेले... वळ गो!" बाजूला अख्खं मुलुंड ओरडत होतं म्हणे, पण मला फक्त तू ऐकू येत होतीस. त्या तिसरीची बोटं माझ्या वेणीपर्यंत आली. मी खांब धरून गर्रकन वळले, ती सरळ पुढं गेली आणि धुळीत आपटली. शिट्टी!

कोण कुणाला मिठ्या मारत होतं पत्ता नाही. अध्यक्षीणबाई उड्या मारत होत्या. त्यांना हे आता आठवतही नसेल. तू धावत आलीस, धावू नकोस म्हणून मी ओरडतेय तरी धावत आलीस, आणि मला घट्ट धरलंस. तुझं काळीज माझ्या छातीशी ऐकू येत होतं. माझं सरळ ठणठण वाजत होतं. तुझं मात्र वाऱ्यात खिळखिळं झालेलं दार वाजावं तसं, मध्येच अडकत, मध्येच आपटत. मी तुला सोडलं नाही. मला वाटलं, मी धरलंय तोवर ते चालेल.

भांडण नंतर पुरं करू म्हणालीस. केलंच नाहीस.

पावसाळ्यात तू अंथरूण धरलंस. पाय सुजले, आडवं झालं की गुदमरायचीस, म्हणून लोडांना टेकून बसूनच असायचीस. मी शाळा सुटली की रोज यायची. दार दिनकर उघडायचा, आणि मी त्याला ओलांडून आत यायची, कारण तू आतून ओरडायचीस, "आली का गं? सुलू आज वळली का?" मी सगळा सराव तुला पळून दाखवायची, त्या एवढ्याशा खोलीत, पाटाला खांब समजून. एकदा तू म्हणालीस, "नले, मी गेल्यावर..." मी म्हटलं, "गप बस." तू गप्प बसलीस. आयुष्यात एकदाच तू माझं ऐकलंस, आणि नेमकं तेव्हाच ऐकायला नको होतं. काय सांगणार होतीस गं?

आणि मला तुला काय सांगायचं राहिलं, ते सांगते. तू गेलीस त्या दुपारी मी वर्गात होते. धावत आले तेव्हा सगळं झालं होतं. तुझ्या हाताशी बसले आणि माझ्या मनात जे आलं ते तेव्हाच मोठ्यानं म्हणायला हवं होतं, लोक काही का म्हणेनात. कुंदा, तुझ्या बाबांनी लपवलं ते बरं झालं. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मला तू मिळाली नसतीस. मांडवातली जिलबी, घर, सगळं एका बाजूला ठेवलं तरी मी तुलाच घेतलं असतं.

झालं, आता आजचं. ऐक, ऐक, नीट ऐक!

आज सकाळी दिनकर आमच्याकडं आला. आई स्वयंपाकघरात होती. तो खुर्चीवर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली. वाळला आहे गं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. चहा दिला. तो कपाकडं बघत म्हणाला, "नलू, फार सोसलंस तू. आता आपल्यामध्ये कुणी नाही."

कुंदा, चार वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती. तुळस कुजवली होती. आणि तो क्षण समोर चहा पीत बसलेला! मी आत शोधलं. कुठं धडधड आहे का, कुठं कळ आहे का. काही नाही. पाय घट्ट जमिनीवर. तरी तुझ्याशी इमान राखून पहिला विचार आला तो हाच की, वाद मी जिंकले! बघ, आला की नाही? शेवटी माझ्याकडंच आला की नाही?

तेवढ्यात तो म्हणाला, "आईचं पत्र... म्हणजे आईची पण आता हरकत नाही. तीच म्हणाली, ती मास्तरीण आहे ना, तिला विचार."

मी फुटले. अगं, काय हसले मी! शोकसभेत दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. म्हणजे वाद तूच जिंकलीस की! कुणीतरी हातात दिलं तेव्हाच हात पुढं आला! तो बिचारा बावरून म्हणाला, "काय झालं?" त्याला काय सांगू?

डोळे पुसले आणि म्हटलं, "दिनकर, आपल्यामध्ये कुंदा होती म्हणून तर मी तुमच्या घरी येत होते. आता ती नाही, तर मी कशाला येऊ?"

त्यानं गुडघ्यावरची टोपी उचलली. मग हळूच म्हणाला, "घर फार शांत झालंय." मी म्हटलं, "हो. होणारच." त्या एका वाक्यात पहिल्यांदाच तो मला खरा वाटला. तू आम्हा दोघांचीही गेलीस, हे आम्हाला एकदमच कळलं बहुधा. दारापर्यंत सोडायला गेले. तो नीट गेला, मान खाली घालून. मी फाटकाशी थांबले नाही.

आई हात पुसत बाहेर आली. "कोण आलं होतं गं?"

मी म्हटलं, "कुंदाचा नवरा."

इतकं सहज आलं तोंडात! ना दिनकर, ना 'तो'. कुंदाचा नवरा! माझं मलाच ऐकू आलं आणि मी अशी आनंदले, अशी आनंदले की आईला तिथंच सोडून चपला पायात सरकवल्या आणि निघाले. भरभर, जवळजवळ पळतच. भाजीवाली म्हणाली, "मास्तरीणबाई, एवढ्या घाईनं कुठं?" मी म्हटलं, "कुंदाला सांगायचंय!" आणि तुझ्या घराच्या वाटेवर पाच रस्त्याच्या चौकापर्यंत पोचलेसुद्धा.

तिथून परत फिरायला मला फार वेळ लागला, कुंदा.